मागच्या खुर्चीची तयारी

घरातलं मूल विमानाच्या वाटेला लागलं की लोक पहिलं विचारतात, "म्हणजे पायलट ना?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. वास्तविक नौदलाच्या टेहळणी विमानात वैमानिकाइतकाच महत्त्वाचा आणखी एक अधिकारी असतो. विमान उडवण्याचं काम त्याच्याकडे नसतं. रडारवर दिसणारा ठिपका जहाजाचा की लाटेचा, पाणबुडी असलीच तर कुठे असेल, तिचा कानोसा घेणारे बॉये कुठे टाकायचे, विमान कुठे वळवायचं, हे तो ठरवतो आणि सांगतो. त्याला पूर्वी ऑब्झर्व्हर म्हणत, आता नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर म्हणतात. एझिमलाच्या नौदल अकादमीतून बाहेर पडल्यावर कोचीला आयएनएस गरुडवर त्याचं खरं शिक्षण होतं आणि तिथेच छातीवर सोनेरी पंख लागतात.

पेणला आमच्या आळीतल्या एका मुलीने इंजिनिअरिंगची पदवी हातात पडताच या पदासाठी अर्ज केला. या भरतीला लेखी परीक्षा नसते. पदवीच्या गुणांवरून निवड होऊन थेट एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतींना बोलावतात, आणि तिला भोपाळचं बोलावणं आलं. तिचे काका नौदलात नाविक होते, गोव्याला आयएनएस हंसावर विमानांच्या देखभालीत त्यांची बरीच वर्षं गेली. त्यामुळे घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच, तयारी कशी करायची यावरून दोघांची जुंपली. मी शेजारचा, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. श्रावणातल्या त्या संध्याकाळी आळीतले गणपतीचे कारखाने रात्रपाळीला लागले होते आणि यांच्या ओटीवर वाद रंगला होता. कोण बरोबर, याबद्दल माझं मत त्या संध्याकाळी दोनदा फिरलं.

काका : पुण्याच्या क्लासला किती मागतायत म्हणालीस?

पुतणी : फीचं सोडा. तुम्हाला क्लासच नकोय, हे आधी कबूल करा.

काका : नकोच आहे. पाच दिवस ते लोक तुला बघणार. मानसशास्त्रज्ञ तुझं लिखाण वाचणार, मैदानावरचा अधिकारी तुला फळ्या-दोऱ्या घेऊन अडथळे ओलांडताना बघणार, तिसरा तासभर मुलाखत घेणार. तिघंही आपापलं स्वतंत्र ठरवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. तिघांनाही एकच माणूस दिसायला हवा. क्लासवाले तुला तीन वेगवेगळे मुखवटे देतील.

पुतणी : आणि क्लास नाही लावला तर मी पहिल्याच दिवशी घरी. काका, पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग सगळ्यांसमोर ती एका मिनिटात इंग्रजीतून सांगायची. त्यानंतर गटात चर्चा. म्हणजे पंधरा जण एकदम ओरडतात, त्यात आपला आवाज काढायचा. मी मराठी शाळेत शिकले. कॉलेजातही आमची इंग्रजी फळ्यावर असायची, बोलायची वेळ आली की सगळे मराठीत. हे मला कोण शिकवणार?

काका : चिंतामणराव देशमुखांना कोणी शिकवलं? रोह्याचा माणूस. १९१८ साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. तेव्हा कुठे होते क्लास?

पुतणी : त्यांचे वडील रोह्यात वकील होते. शिकायला मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेज, पुढे केंब्रिज. तोच त्यांचा क्लास. आपल्याकडे रोह्याची माणसं मोजताना नेहमी घरातल्या पुस्तकांचं कपाट मोजायचं राहून जातं.

इथे मी मान डोलावली आणि काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं. पण मुलीचं खरं होतं. कँटोन्मेंटमध्ये वाढलेल्या पोराला जेवणाच्या टेबलावर जे मिळतं ते वडखळ नाक्यावर मिळत नाही. एसएसबीचे अधिकारी जे गुण शोधतात, अधिकारीपणाचे पंधरा गुण म्हणतात त्यांना, ते खारेपाटातल्या मुलात नसतात असं मुळीच नाही. ते दाखवायची भाषा मात्र त्याला कोणी दिलेली नसते. आपलं नाव सांगतानाही खालमानेने सांगायचं, ही आपली शिकवण. तिथे गेल्यावर एका आठवड्यात ती मोडायची कशी?

काका : बरं. दाखव तुझी वही.

वही जाडजूड होती. शब्द दाखवला की सुचेल ते वाक्य लिहायचं, अशी एक चाचणी असते. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. तिने शेकडो शब्दांची वाक्यं तयार करून ठेवली होती. काका मध्येच एक पान उघडून वाचायला लागले.

काका : 'भीती. धैर्याने भीतीवर मात करता येते.' 'पराभव. पराभव ही यशाची पहिली पायरी आहे.' 'मित्र. खरा मित्र संकटात ओळखला जातो.' हे तू लिहिलंस?

पुतणी : नेटवर यादी आहे. सकारात्मक लिहायचं असतं.

काका : हीच यादी भोपाळला प्रत्येकाकडे असणार. वाचणाऱ्याने वर्षानुवर्षं रोज हेच वाचलेलं. आणि चित्रांवरच्या गोष्टी? बघू. हा... नायक गावात रक्तदान शिबिर भरवतो. पुढची. नायक गावात वृक्षारोपण करतो. बाय, तुझ्या बारा चित्रांतली अकरा तरी शिबिरात संपतायत. बारावं कोरं पान असतं, तिथेही तू शिबिर भरवशील.

पुतणी : हसा. पण नकारात्मक लिहिलं की कापतात म्हणतात.

काका : भीती म्हटल्यावर तुला काय दिसतं? खरं सांग. पंधरा सेकंद.

ती गप्प राहिली. पंधरा सेकंद कधीच उलटून गेले. मग म्हणाली, "आजोळी बांधाला खांड गेली होती ती रात्र."

खारेपाट ज्याने पाहिलेला नाही त्याला हे सांगावं लागेल. पेणच्या पश्चिमेची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली असते आणि मातीच्या बांधाने तगून राहते. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणतात. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात नीट येत नाही. त्यामुळे उधाणाची तिथी आधी बघून माणसं, माती, पेंढा तयार ठेवायचा असतो. तिच्या आजोळी ते झालं नव्हतं. मामा आणि आजोबा दोघंच कंदील घेऊन धावले, आणि ही सात-आठ वर्षांची पोर ओट्यावर उभी राहून बघत होती.

काका : मग लिही ना वाक्य.

तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : उधाण येण्याआधी माणसं जमवली तर बांध राखता येतो.

काका : हे कुठल्या यादीत आहे?

पुतणी : नाही. पण काका, हे मी मराठीत लिहिलं आणि मला मिनिट लागलं. तिथे मला इंग्रजीत लिहायचंय, पंधरा सेकंदांत, आणि लगेच पुढचा शब्द. खांडीला इंग्रजीत काय म्हणायचं हेही मला माहीत नाही. तुम्ही म्हणता सराव नको. सराव केल्याशिवाय हे वाक्य माझ्या हातून तिथे उतरणारच नाही, यादीतलंच उतरेल. कारण ते पाठ आहे!

मला वाटतं, वादाचा काटा इथे हलला. काका अस्सल वाक्य मागत होते, आणि अस्सल वाक्यालाच जास्त सराव लागतो हे तिने दाखवून दिलं. उसनं वाक्य घाईतही तोंडात येतं. काका काही वेळ चष्म्याशी खेळत बसले. मग त्यांनी वेगळंच काढलं.

काका : अर्जात पसंतीक्रम काय दिलास?

पुतणी : पहिली पायलट, दुसरी एअर ऑपरेशन्स.

काका : दुसरी का?

पुतणी : सगळेच देतात.

काका : मुलाखतीत हे उत्तर दिलंस तर तिथेच संपलं. मी अख्खी नोकरी विमानाच्या पोटाखाली काढली, बाय. आम्ही खालून बघणारे. अधिकारी चांगला की वाईट, हे त्याने उड्डाण केल्यावर नाही, उतरल्यावर कळतं. उतरला की बिघाड वहीत लिहायचा, आम्ही त्याला स्नॅग म्हणायचो. एकजण लिहायचा, 'रडार चालत नाही.' संपलं. आम्ही रात्रभर अख्खं रडार उघडून बसायचो आणि जमिनीवर ते ठणठणीत चालायचं. दुसरा लिहायचा, अमुक उंचीवर, डावीकडे वळताना, इतकी मिनिटं चित्र गेलं, सरळ झाल्यावर परत आलं. अर्ध्या तासात सैल जोड सापडायचा. हा दुसरा बहुतेक वेळा मागच्या खुर्चीतलाच असायचा. आपण काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे त्याला वेगळं करून सांगता यायचं. त्या माणसाला तू दुसऱ्या नंबरवर टाकलंस.

पुतणी : मी एकटीने नाही टाकलं, जगानेच टाकलंय. हवाई दलातही मागच्या सीटला वेगळी शाखा मिळायला २०२२ उजाडलं. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरींनी हवाई दल दिनाला चंदीगडला जाहीर केली, ते आपल्या नांदेडच्या हस्तऱ्याचे. क्षेपणास्त्रं, चालकरहित विमानं आणि दोन आसनी विमानातला शस्त्रप्रणाली सांभाळणारा, सगळे एका शाखेत. त्यांची शाळा बेगमपेटला सुरू झाली २०२४ च्या जुलैमध्ये. म्हणजे आता कुठे त्या खुर्चीला घर मिळालं.

काका : नौदलात होतं आधीपासून. बायकाही २००९ पासून आहेत त्या खुर्चीत.

पुतणी : माहितेय.

काका : मग हेही माहीत असेल...

पुतणी : लेफ्टनंट किरण शेखावत. २४ मार्च २०१५. गोव्याच्या समुद्रात रात्रीच्या सरावात डॉर्नियर कोसळलं. त्या ऑब्झर्व्हर होत्या. त्या आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले, कमांडर निखिल जोशींना मच्छीमारांनी बाहेर काढलं. आईला हे सांगू नका एवढंच.

काका : तुझ्या आईला मीच सांगितलंय. अर्ज भरलास त्याच रात्री.

यावर कोणी काही बोललं नाही. आतून तिच्या आईने चहा आणून ठेवला, साखर कमी आहे का म्हणून विचारलं आणि ती परत गेली. या घरात तिच्याइतकी तयारी कोणाचीच झालेली नाही, असं मला तेव्हा वाटून गेलं. तिला मात्र कोणी मुलाखतीला बोलावणार नव्हतं.

काकांनी पेन उचललं. कोचीच्या शिक्षणात हवाई दिशाज्ञान, उड्डाणाच्या पद्धती, हवाई युद्धाचे डावपेच, पाणबुडीविरोधी लढाई आणि विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सगळं येतं. त्यातलं दिशाज्ञान आपल्याला आजही शिकवता येईल, असं त्यांचं म्हणणं.

काका : अलिबागच्या पश्चिमेला ६० सागरी मैलांवर मासेमारीची होडी बंद पडलीय. किनाऱ्यावरून निघालेल्या विमानाचा वेग १८० नॉट. किती वेळात पोचशील?

पुतणी : मिनिटाला तीन मैल. वीस मिनिटं.

काका : समोरून ३० नॉटचा वारा.

पुतणी : मग वेग १५०. चोवीस मिनिटं.

काका : दिशा एक अंश चुकली.

पुतणी : साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल बाजूला. हा नियम मी वाचलाय.

काका : पाण्याला प्रवाह आहे, दोन नॉट. होडी कुठे शोधशील?

पुतणी : चोवीस मिनिटांत होडी... पाऊण मैलाच्या थोडी पुढे सरकली असेल. प्रवाहाच्या दिशेला तेवढं पुढे.

काका : चूक.

पुतणी : गणित बरोबर आहे!

काका : गणित बरोबर आहे. बातमी कधीची होती?

ती थांबली. काकांनी उत्तर दिलं नाही, कपातला चहा संपवला.

पुतणी : ...तुम्ही सांगितलं नाहीत.

काका : तू विचारलं नाहीस. बातमी तासाभरापूर्वीची होती. तास अधिक चोवीस मिनिटं, दोन नॉटने जवळजवळ तीन मैल. तू पाऊण मैलावर घिरट्या घालतेस आणि होडी तिकडे. पावसाळ्यात, दृश्यता कमी असताना, दोन मैलांचा फरक म्हणजे होडी दिसणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. २६१ माणसं होती त्यावर. नौदलाची जहाजं होतीच, वरून सी किंग हेलिकॉप्टरं आणि पी-८आय विमानंही शोधत होती. पावणेदोनशेहून जास्त माणसं जिवंत काढली. पाण्यातला माणूस जागेवर थांबत नाही. मागच्या खुर्चीत बसलेल्याने 'बातमी कधीची' हे आधी विचारायचं, नंतर गणित.

भूगोलाच्या तासाला मीसुद्धा वेग आणि अंतर वर्षानुवर्षं शिकवलं. बातमीला किती वेळ झाला, हा आकडा माझ्या एकाही उदाहरणात नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकांत गाडी नेहमी आत्ता निघते.

पुतणी : काका, हे गणित तुम्ही मला इथे ओट्यावर घातलंत, मी चुकले आणि आता आयुष्यात विसरणार नाही. हाच तर क्लास झाला! मैदानावरच्या चाचण्यांत असाच एक प्रश्न असतो, नकाशाचा. गावात एकाच वेळी चार संकटं, माणसं थोडी, वाहन एक, वेळ ठरलेला. आधी प्रत्येकाने आपला आराखडा लिहायचा, मग गटाने एकमत करायचं. तुम्ही फक्त क्लास या नावाला घाबरता.

काका : नावाला नाही. तिथे चूक करायला देत नाहीत. चूक झाली की लगेच बरोबर उत्तराची चिठ्ठी हातात.

पुतणी : मग असा क्लास आहे. नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. राज्य सरकारचं आहे, सैनिक कल्याण विभागाचं. एसएसबीचं बोलावणं आलेल्या मुलामुलींना दहा दिवस फुकट शिकवतात, राहणं-जेवणही मोफत. अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कागद न्यायचे.

काका : हे आधी का नाही बोललीस?

पुतणी : तुम्ही फी विचारत होतात.

पेण-रोह्याकडच्या पोरांसाठी मी हे मुद्दाम नोंदवतो, कारण गावात ते फारसं कोणाला ठाऊक नाही. दहावीनंतरच ठरवलेलं असेल तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये अशीच संस्था सुरू झाली. पदवीनंतर जाग येणाऱ्यांसाठी नाशिकरोड. हवाई दलाच्या वाटेने जायचं असेल तर एएफकॅट ही लेखी परीक्षा, वर्षातून दोनदा, १०० प्रश्न ३०० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एक गोष्ट मात्र कोणत्याही क्लासच्या जाहिरातीत ठळक छापलेली मी पाहिली नाही. वैमानिकांसाठीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की ते दार कायमचं बंद. झोप न झालेल्या, सर्दी झालेल्या अवस्थेत ती देऊ नये, एवढी तयारी तरी सगळ्यांना जमण्यासारखी आहे.

काकांचा पुढचा हल्ला शरीरावर होता.

काका : धावतेस किती?

पुतणी : सकाळी रामवाडीपर्यंत जाऊन परत.

काका : रस्त्याच्या कडेने? डंपर असतात तिथे. भोगावतीच्या बाजूने धाव. हवाई दल सांगतं, येण्याआधी एक मैल दहा मिनिटांत धावता आलं पाहिजे, दहा पुश-अप, तीन चिन-अप. ते किमान समज. पोहता येतं?

पुतणी : खाडीत वाढलेल्या घरातली मुलगी आहे मी.

काका : खाडीत वाढलेले बुडालेले मी पाहिलेत. नीट शिक. आणि कान तपासून घे.

पुतणी : कान?

काका : मळ. सैन्याच्या सूचनांतच लिहिलेलं असतं, येण्याआधी कानातला मळ काढून या, नाकाचं वाकडं हाड, दात, वजन, टॉन्सिल बघून या. मुलं पाच दिवसांची एसएसबी पार करतात आणि वैद्यकीय तपासणीत कानाच्या मळावरून थांबतात. काडी घालू नकोस. डॉक्टरकडे जा.

याच्यावर दोघांचं त्या संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं, हे मला फार आवडलं. लोक देशप्रेम, नेतृत्व, साहस यांवर तासभर बोलतात आणि निवड कानाच्या मळावर अडते.

मग काका उठून उभे राहिले, मुलाखतीचा अधिकारी झाले. ओटीवरच्या खुर्चीत तिला ताठ बसवलं. मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण म्हणे खऱ्या मुलाखतीत शेजारी नसतात.

काका : एअर ऑपरेशन्स दुसरी पसंती का?

पुतणी : कारण अर्ज भरताना मला ते काम नीट माहीत नव्हतं. सगळे पायलट लिहितात म्हणून मी लिहिलं. नंतर वाचलं, ऐकलं. आता वाटतं, मला विमान कुठे न्यायचं हे ठरवण्यात जास्त रस आहे. तरी पहिली पसंती बदलली नाही, कारण विमान चालवायलाही आवडेलच मला, आणि ते लपवून काय करू?

काका : पायलट नाही मिळालं तर?

पुतणी : तर मागच्या खुर्चीत बसून पायलटला सांगेन, बातमी तासाभरापूर्वीची आहे, तीन मैल पुढे चल.

काका हसले नाहीत. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला जरा जास्त वेळ घेतला.

काका : आता हेच सगळं इंग्रजीत सांग.

तिने सांगितलं. थोडं अडखळत, पण सांगितलं. खांडीचा विषय आला तिथे शब्द सापडेना, म्हणून हातांनी बांध करून दाखवला.

काका : 'ॲक्च्युअली' पाच वेळा आलं. परत सांग.